दोष कुत्र्याचा की आपला?

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या संग्रहात पाहिला असेल. त्याचे नाव निपर. टेरियर रक्ताचा हा प्राणी चित्रात मोठा शांत दिसतो. परंतु पाहुण्यांच्या पायांना चावे घेण्याच्या सवयीवरूनच त्यास हे नाव पडले, असे सांगतात. चित्रावरून कुत्र्याची पारख करू नये, हेच खरे.

आमच्या गल्लीतील एका कुटुंबाने चित्रपट पाहून जॅक रसेल टेरियर जातीचे पिलू आणले. वर्षभरात त्याने बागेतील वाफे उकरले, खारींचा पाठलाग केला आणि भुंकून शेजाऱ्यांची झोपमोड केली. अखेर ‘कुत्रा वाईट निघाला’ असा निकाल देऊन त्यास गच्चीत साखळीने बांधण्यात आले. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो.

या जातीचा इतिहास काय सांगतो? इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली. तिच्यापासून हा वंश वाढला, असे मानतात. खोकडाच्या बिळात शिरावे, त्यास न मारता भुंकून अडवावे वा बाहेर हुसकावे, हे या कुत्र्यांचे काम. त्यासाठीच उंची अवघी २५ ते ३० सेंटिमीटर आणि छाती दोन्ही हातांच्या पकडीत मावेल एवढी. बिळाच्या अंधारात धन्याची आज्ञा पोहोचत नाही. तेथे स्वतःच निर्णय घ्यावा लागतो. त्याचे भुंकणे ही तर धन्याला दिलेली खूण! २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार करण्यास कायद्याने बंदी आहे. काम गेले, रक्तातील ओढ मात्र राहिली. ज्यांना आपण दोष म्हणतो, ते काम न उरलेले गुणच होत.

म्हणून असा कुत्रा आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी स्वतःस विचारावे : रोज तास-दीड तास त्याच्याबरोबर धावण्याची आपली तयारी आहे काय? उन्हाळ्यात भर दुपारी त्यास बाहेर न नेता पहाटे उठणे जमेल काय? रेबीजची लस वेळेवर टोचणे, कांदा, बेदाणे व चॉकलेट त्याच्यापासून दूर ठेवणे, हे सारे पुढील तेरा-चौदा वर्षे सांभाळता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो आणू नये. यातच त्याच्यावरील खरे प्रेम आहे.

गल्लीतील त्या कुत्र्याला हल्ली मी व माझा भाऊ रोज पहाटे मैदानावर नेतो. शेजारच्या काकांनी अंगणाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी वाळूचा ढीग टाकला आहे. तो तेथे मनसोक्त उकरतो. वाफे शाबूत आहेत आणि साखळी खुंटीला टांगलेली आहे.