जुन्याचा वाटा, नव्याचे आगमन

हातकणंगल्यासारख्या गावातील एखाद्या व्यापारी घरात सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपत आलेली असतात. सात वर्षे त्याच उंबऱ्याची राखण करणारा मोती आपल्या भाकरीची वाट पाहत बसलेला असतो. तेवढ्यात धाकटा नातू बाजारपेठेत सापडलेले, थरथर कापणारे पिल्लू छातीशी धरून आत येतो. आजी त्याला मायेने मांडीवर घेते आणि आजवर घरच्या कोणावरही न गुरगुरलेला मोती दात दाखवून उभा राहतो. कोणी त्याला काठी दाखवतो. कोणी म्हणतो, ‘पिल्लाला होते तिथे सोडून या.’ दोन्ही उपायांत एका मुक्या जिवावर अन्याय होतो. आश्रय दिलेल्याला पुन्हा रस्त्यावर टाकणे जीवदया मानणाऱ्या घराला शोभत नाही आणि सात वर्षांच्या इमानाला एका सायंकाळी अपराधी ठरवणेही न्यायाचे नाही.

मोतीच्या या वागण्याला दुष्टपणा म्हणता येत नाही. क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रुवो या अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ साली ३६ पाळीव कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मालक पुस्तक वाचत असता फारच थोडी कुत्री मध्ये आली. परंतु तोच मालक भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करू लागताच बहुतेकांनी त्याला ढुशी दिली किंवा स्पर्श केला आणि सुमारे चौथा हिस्सा कुत्री त्या खेळण्यावर दात घेऊन धावली. आपल्या माणसाची माया दुसरीकडे वळते आहे, ही शंका त्यांना पुरेशी होती. दुसरे बाळ घरी आल्यावर थोरल्याला ‘तू आता मोठा झालास’ म्हणून बाजूला सारले, तर तोही पाळण्याकडे रागानेच पाहतो. म्हणून पहिला नियम असा की, नव्याच्या आगमनाने जुन्याचा वाटा तिळभरही कमी होता कामा नये. मोतीची जागा, भाकरीची वेळ आणि आजीजवळ बसण्याचा त्याचा हक्क पूर्वीप्रमाणेच राहावा.

दुसरे पथ्य घाई न करण्याचे. पिल्लाला प्रथम पशुवैद्याकडे न्यावे, जंतनाशक द्यावे आणि लसीकरण सुरू करावे. मोतीच्याही लसी राहिल्या नाहीत ना, ते पाहावे. पशुवैद्य संमती देईपर्यंत पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवावे. या काळात पिल्लाच्या अंगाखालचे गोणपाट मोतीला आणि मोतीचे पिल्लाला हुंगू द्यावे. कुत्र्याची खरी ओळख नाकाने होते.

पहिली भेट घरात घडवू नये, कारण घर हे मोतीचे राज्य. नातलगाचे स्वच्छ, बंदिस्त अंगण त्यासाठी उत्तम. दोघांना दोन माणसांनी सैल साखळीने धरावे आणि पंधरा-वीस फुटांचे अंतर राखून एकाच दिशेने चालवावे. मोतीने पिल्लाकडे पाहिले आणि शांत राहिला की, लगेच आवडता घास द्यावा. पिल्लू दृष्टीआड झाले की घासही थांबवावा. पिल्लू आले म्हणजे आपला लाभच होतो, हा हिशेब त्याच्या मनात अशा रीतीने हळूहळू पक्का होतो. तो ताठरला, टक लावून पाहू लागला किंवा ओठ मुडपू लागला, तर अंतर वाढवावे. अंतर रोज थोडेथोडे कमी करावे आणि भेट दहा मिनिटांहून लांबवू नये.

घरात आणल्यावर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, वेगळ्या थाळीत वाढावे. जेवण होताच थाळ्या उचलाव्यात. खेळणी आणि हाडूक जमिनीवर पडू देऊ नये. घरी माणूस नसताना दोघांना एकत्र सोडू नये. लहान मुलांनी त्यांच्यामध्ये जाऊ नये आणि भांडण जुंपलेच तर मोठ्यांनीही मध्ये हात घालू नये. मध्ये फळी सरकवावी किंवा पाणी मारावे. कुणाला दात लागलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठी चूक घडते ती गुरगुरण्याला शिक्षा करण्याची. गुरगुरणे ही सूचना आहे. मार खाऊन कुत्रा सूचना देण्याचे सोडतो, भीती मात्र तशीच राहते, आणि मग तो एके दिवशी न गुरगुरताच चावतो. वयस्क कुत्रा एकाएकी चिडका झाला असेल, तर सांधेदुखी किंवा दातदुखी आहे का, तेही पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

इतके करूनही काही जोड्या जमत नाहीत. तेव्हा दोघांचे कोपरे कायमचे वेगळे ठेवावेत किंवा पिल्लासाठी खात्रीचे दुसरे घर शोधावे. रस्ता हा पर्याय नव्हे. परंतु बहुतेक घरांत काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, निवळते. मैत्री झालीच पाहिजे असे नाही. एका छताखाली निर्धास्त झोप लागली तरी पुष्कळ झाले. तोवर आजीने सायंकाळी दोन थाळ्या भराव्यात आणि पहिली मोतीपुढे ठेवावी.