लाज त्यांची, गप्प आपण



गोदीत चोरी झाली की पहिली झडती आपली. गेटवर डबा उघडायला लावतात, पिशवी झाडतात. अख्खा माल गिळणारा काच वर करून मोटारीतनं निघून जातो. हे आपल्याला बापाच्या वेळेपासून पाठ आहे. मग आपल्याच खिशातनं चोरी झाली, तर आपणच चोरासारखी मान घालून का बसलोय?

मी क्रिप्टोबद्दल बोलतोय. बिटकॉइन, यूएसडीटी, रोजचा एक टक्का. आपल्या वस्तीत हे घेऊन आला तो कुणी मलबार हिलचा शेठ नव्हता. आपलाच होता. फोन उचलला की 'जय भीम' म्हणायचा. जयंतीला पुढे असायचा. 'बँका त्यांच्या, शेअर बाजार त्यांचा. हा पैसा आपला, इथं जात विचारत नाहीत' असं बोलायचा आणि टाळी घ्यायचा. ज्या बापानं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्या फोटोखाली उभा राहून हा खोटा पैसा विकत होता!

टाळी मीही दिली. ओव्हरटाइमचे १८ हजार घातले. शेजारच्या मावशीला ४० हजार घालायला लावले. मावशी धुणीभांडी करते. ॲपात आकडा फुगत होता. काढायला गेलो तर म्हणे, आधी वीस टक्के टॅक्स भरा. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

मग मी काय केलं? व्यवस्थेवर आग ओकणारा कवी मी, अकरा दिवस गप्प बसलो. लोक हसतील म्हणून. मावशीला तोंड कसं दाखवू म्हणून. ह्या लाजेवरच त्यांचा धंदा चालतो. आपण लाजतो तेवढा वेळ त्यांना पळायला मिळतो.

कसं ते समजून घ्या. आपण त्याला कॉइन देत नाही, रुपये देतो, यूपीआयनं, कुणातरी पोराच्या खात्यात. तिथनं दुसऱ्या खात्यात, तिसऱ्या खात्यात. मग त्याचा कॉइन होतो आणि या पाकिटातनं त्या पाकिटात उडत देशाबाहेर. रुपया खात्यात आहे तोवर त्याच्या शेपटीवर पाय देता येतो. कॉइन झाल्यावर नुसता माग काढत बसायचं.

म्हणून कळल्या क्षणी १९३० ला फोन लावा. सकाळ होऊ देऊ नका, कुणाला विचारायला जाऊ नका. आपली बँक, तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा नंबर सांगा. पुढच्या बँकेत पैसा उरला असेल तर तो तिथंच अडवता येतो. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पुरी करा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. आपल्या बँकेला लेखी कळवा. देशातल्या एक्स्चेंजमधून कॉइन गेला असेल तर त्यांनाही लिहा. रागाच्या भरात ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, पाकिटाचा पत्ता, व्यवहाराचा हॅश, समोरच्याचे फोन नंबर, सगळं जपा. तोच आपला पुरावा. आणि 'फी भरा, पैसे परत काढून देतो' म्हणणारा भेटला तर तो दुसरा चोर समजा.

फोनवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. ठाण्यात जावंच लागतं. तिथं 'आमची हद्द नाही' म्हणतील. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदता येतो. दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात बजावलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नकार दिला तर पोलीस अधीक्षकाला, मुंबईत उपायुक्ताला, टपालानं अर्ज. तिथंही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवून घ्यायला आपण रात्र रात्र ठाण्याच्या पायरीवर काढल्यात. पायरी तीच आहे. एकट्यानं जाऊ नका, दहा जण जा.

पोलिसांवर डोळे मिटून भरवसा ठेवा, असं मी म्हणत नाही. पुण्याचं 'गेनबिटकॉइन' आठवा. महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, अशी गाजरं दाखवली होती. २०१८ साली म्होरक्या पकडला. आणि मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी तपासाच्या मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. आरोप काय, तर जप्तीचे कॉइन वळते केले! त्यातला एक माजी आयपीएस. म्हणून प्रत्येक कागदाची पोच आपल्या हातात पाहिजे. आणि सरकार? एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, तोटा मात्र कशातनंच वजा करू देत नाही. कमावलं तर भागीदार, बुडालो तर आपण एकटे.

नाक्यावरच्या पोरांनो, चार-पाच हजारांसाठी खातं नि सिमकार्ड भाड्यानं देऊ नका. वरचा परदेशात मजा मारतो. बेड्या ज्याच्या नावावर खातं त्याला पडतात, आणि तो पोरगा आपल्याच गल्लीतला असतो.

आता वस्तीतले शहाणे म्हणतात, घरातलं घरात मिटवा, समाजाची बदनामी होईल. कुठला समाज? भांडी घासून ४० हजार जमवणारी मावशी समाजात येत नाही काय? निळा रुमाल गळ्यात घालून तिला लुटणारा तेवढा समाज? असल्या दलालाला झाकणं म्हणजे त्याच्या कमिशनात वाटा घेणं.

बाराव्या दिवशी मी मावशीला घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "लोभ कशाला केला?" मी गप्प झालो. मावशी म्हणाली, "लोभ मी केला साहेब. चोरी कुणी केली ते लिवा."

चार तास बसलो. लिहिलं. आपल्या माणसाचं नाव मी माझ्या तोंडानं सांगितलं. पैसे अजून आलेले नाहीत. वेळेत तोंड उघडलं असतं तर काही तरी अडलं असतं, हे मी मावशीचं देणं लागतो.

प्रत्येक शाखेनं पुढच्या बैठकीत हाच विषय पहिला घ्यावा. कोण कोण फसलंय त्याची यादी करा. हसणाऱ्याला बाहेर काढा. आणि मोर्च्याला जातो तसे मिळून ठाण्यावर चला.

जय भीम!