क्वीनचे पहिले अल्बम आणि पाचगणीचा पियानो

१/ जुलै १९७३ मध्ये 'क्वीन' या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम आला, मार्च १९७४ मध्ये दुसरा. दुसऱ्याच्या दोन बाजूंची नावे 'पांढरी' आणि 'काळी' या अर्थाची होती. काळ्या बाजूवरील सर्व गीते फ्रेडी मर्क्युरीची.

२/ फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा. जन्म १९४६, झांझिबार, कुटुंब पारशी. शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. तेथेच तो पियानो शिकला आणि 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला.

३/ एवढ्यावरून त्याला 'आपला' ठरवण्याची चढाओढ चालते. रक्ताचा दाखला येथे निरर्थक आहे. विठाबाई नारायणगावकर जन्मल्या पंढरपुरात. वारूळवाडीशेजारच्या नारायणगावाने त्यांना जन्म नव्हे, फड दिला. म्हणूनच ते गाव त्यांच्या नावात राहिले.

४/ पाचगणीचे श्रेयही तेवढेच मानावे. पहिला अल्बम घडला लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत, इतरांचे काम नसलेल्या रिकाम्या वेळात. त्यामागे ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन यांचेही कष्ट होते. ते विसरून सांगितलेला इतिहास म्हणजे केवळ बढाई.

५/ प्रतिभा कोठे जन्मावी, हे कोणाच्याच हाती नसते. तिच्यापुढे वेळेवर वाद्य ठेवणे मात्र हाती असते. फ्रेडीचा अभिमान मिरवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या तालुक्यातील किती शाळांत निदान एक सुरात असलेली पेटी आहे, हे मोजावे.