दादरची पॅसेंजर दादरलाच हवी

कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबागच्या चाकरमान्यांचं गणपतीचं आरक्षण हुकलं, तरी पूर्वी एक आधार होता: दादर–रत्नागिरी पॅसेंजर. स्वस्तातलं साधं तिकीट काढायचं आणि पोरंबाळं, म्हातारी माणसं, बोचकी घेऊन दादरलाच चढायचं. करोनानंतर ही गाडी दिव्याहून सुटू लागली. आता हार्बरने कुर्ला गाठा, तिथे पूल चढा, धीमी लोकल पकडा, मग दिवा. सामानासकट हे करून पाहिलेल्यालाच त्याचा त्रास कळेल.

आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० वर आली, तरी गणपतीची तिकिटं खिडकी उघडताच संपतात. उरतात विशेष गाड्या. त्यांतल्या अनेकींना जादा भाडं. ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० पासून बंद आहे. गिरणीतून घरी बसलेल्या माणसाला हा फरक फार मोठा.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये उभं राहिलं, तेव्हा २२ टक्के भांडवल महाराष्ट्राचं होतं. त्या हक्काने राज्य सरकारने पॅसेंजर दादरला परत मागावी, आणि ज्येष्ठांची सवलतही.