घर स्वस्त, पण किंमत कोणाची?

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मालमत्ता कर तीन वर्षे थकला की घर जप्त होते आणि वेन काउंटी त्याचा लिलाव मांडते. पहिल्या फेरीत थकबाकीएवढी बोली न आल्यास दुसऱ्या फेरीत घरे वर्षानुवर्षे अवघ्या ५०० डॉलरपासून निघाली. गुंतवणूकदारांनी ती घाऊक घेतली. कित्येक घरांत जुना मालक सहकुटुंब राहतच होता.

कर थकविणाऱ्याची कीव कशाला, असे कोणी म्हणेल. कर भरणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. परंतु कर आकारणाऱ्याने नियम पाळले काय? मिशिगनच्या राज्यघटनेनुसार करमूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. प्रत्यक्षात २०१० ते २०१६ या काळात डेट्रॉइटच्या घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलरची जादा आकारणी झाल्याचे ‘डेट्रॉइट न्यूज’ने २०२० मध्ये दाखवून दिले.

थकबाकी वळती करून उरलेल्या रकमेवर सरकारचा हक्क नाही, असा एकमुखी निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. तो स्वागतार्हच; पण ५०० डॉलरला गेलेल्या घरातून उरणार ते काय? म्हणून लिलाव पुकारण्यापूर्वी आकारणी तपासणे हाच राजधर्म होय. बोली लावणाऱ्यानेही उंबरठ्याआड कोण आहे, हे आधी पाहावे.