मालकाचे धंदे कोणते, ते तरी कळू द्या

१२ जुलै आला की पेपरांना पानशेतची आठवण होते. १९६१ ला धरण फुटलं, पुणं बुडालं. त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट मात्र आम्ही पत्रकारही विसरलो.

सरकारनं तेव्हा पेपराच्या किमतीवर पानं बांधून दिली होती. एवढ्या पैशांत एवढीच पानं. कारण काय, तर मोठ्यांची मक्तेदारी नको, छोटे पेपर जगावेत. पुण्याचा 'सकाळ' ७ नव्या पैशांना मिळायचा. पानं कमी करा नाहीतर दर वाढवा, अशी वेळ आली. 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला आणि २५ सप्टेंबर १९६१ ला जिंकला. निकाल बरोबरच होता. म्हणून मालकीवर मर्यादा म्हटलं की सरकार गळा धरेल, असं कुणी म्हणालं तर मी त्याला वेड्यात काढत नाही.

पण आमच्याकडचं ऐका. मध्यंतरी जलाशयाच्या काठावर टाकलेल्या भरावाची बातमी फोटोसकट पाठवली. छापून आली नाही. फोन केला तर उत्तर, "राहू द्या हो, वरून सांगितलंय." आठवड्यानं त्याच जागेच्या प्लॉटिंगची पानभर जाहिरात आली. नंतर कळलं, धंद्यात मालकांचीच भागीदारी. इथं गळा कुणी धरला? सरकारनं तर नाही.

१९६१ ची मर्यादा पानांवर होती, म्हणजे वाचकाच्या ताटावर. मी म्हणतोय ती मालकीवर. एका घरानं किती तोंडांनी बोलायचं, एवढाच प्रश्न. ऑगस्ट २०१४ मध्ये ट्रायनं हेच सुचवलं होतं. राजकीय पक्षांना चॅनेल नको, एका भाषेच्या बाजारात पेपर आणि टीव्ही दोन्हींवर एकाचाच कब्जा नको, आणि देखरेख मंत्रालयाकडे नको, स्वतंत्र मंडळाकडे द्या. कायदा काही झाला नाही. पक्ष कुठलाही असो, स्वतःचा पेपर, स्वतःचं चॅनेल कुणाला नको असतं?

तोवर एवढं तरी करा. फेब्रुवारी संपला की पेपरात कोपऱ्यात बारीक टायपात मालकीचा तक्ता यायचा, आठवतो? त्यात मालकाचं नाव असायचं. त्याच्याबरोबर मालकाचे बाकीचे धंदेही छापा. ठळक छापा.

तुमच्या घरी येणाऱ्या पेपराच्या मालकाचा दुसरा धंदा काय, सांगता येईल? नसेल, तर न आलेली बातमी का आली नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.