काटकसर आणि संरक्षण

सैन्याच्या खर्चात काटकसर सुचवणे म्हणजे संरक्षणात ढिलाई, असा समज रूढ आहे. तो योग्य नव्हे. जवानांना ताजे दूध मिळावे म्हणून १८८९ मध्ये अलाहाबाद येथे पहिला लष्करी फार्म सुरू झाला. पुढे दूध सर्वत्र मिळू लागले, तरी फार्म चालूच राहिले. ते बंद करावेत, अशी शिफारस २०१६ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीने केली. २०२१ मध्ये ते बंद झाले. ओझ्यातले निरुपयोगी काय, हे ते वाहणाऱ्यालाच कळते. म्हणूनच कोठारातील साध्या जवानाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. वाचलेला रुपया शस्त्रांवर व प्रशिक्षणावर खर्च होणे, हीच खरी काटकसर होय.